वाजवताना ऊर भरून आला असा तुमचा एक प्रसंग सांगा (हौशी वादकांनीच)

पांढरी_चार :

नमस्कार मंडळी.

मी कऱ्हाडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ५१. पेटी (हार्मोनियम) शिकायला बसले तेव्हा ४३ पूर्ण झाली होती. गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा मध्यमा प्रथमपर्यंत दिल्या, पासही झाले. पण कोणी विचारलं की तुमच्या वाजवण्यातलं तुम्हाला स्वतःला काय आवडलं, तर मला त्यातली एकही परीक्षा आठवत नाही. आठवते ती काकड्यातली एक पहाट.

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात कोजागिरीपासून त्रिपुरीपर्यंत काकडा, म्हणजे पहाटेची भजनं आणि आरती, असतो. पहाटे साडेचारला सुरुवात. तिथं चाळीसेक वर्षं एकच काका पेटी वाजवत आले. ते शिकले त्या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. १९४० साली घातलेली, ती १९७१ पर्यंत चालली. पेटीला मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांच्या मधल्या बारीक जागा, सापडत नाहीत, हे तिच्यावरचे आक्षेप. आक्षेप खरेच आहेत. पण भजनाला पेटीवाचून चालत नाही, म्हणून गावोगावी ती राहिली आणि आमच्या काकांसारख्यांनी ती कानानं ऐकून उचलली. नोटेशन त्यांना कधी लागलं नाही.

चार वर्षांपूर्वी काकांचा उजवा हात थरथरू लागला. त्यांनी स्वतःच मंडळींना सांगितलं, "आता बाईंना बसवा." देवळातल्या पेटीवर त्याआधी बाईमाणूस बसलं नव्हतं. थोडी कुजबुज झाली, पण काकांनीच नाव घेतल्यावर पुढं कोणी बोललं नाही. मी बसू लागले, काका मात्र देवळात येईनासे झाले. मला ते फार लागलं होतं.

त्या वर्षी समाप्तीला, काल्याच्या दिवशी, ते आले. खांबाला टेकून बसले. विणेकऱ्यांनी त्यांना एक अभंग म्हणायला सांगितला. आमच्याकडे सगळे पांढरी चार या पट्टीत गातात, तीही चढ्या आवाजात. काकांचा आवाज आता तिथं पोचणं शक्य नव्हतं. त्यांनी कोणाकडे न बघता, पेटीचा सूर न घेताच पहिली ओळ उचलली. माझं बोट काळी एकवर गेलं, पण सूर त्याच्या किंचित वर होता. पांढरी दोनवर गेले तर किंचित खाली. काका दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मध्ये गात होते, आणि पेटीला मध्ये जागाच नसते.

ज्यांनी साथ केली आहे त्यांना कळेल तेव्हा पोटात काय होतं ते. जोरात सूर धरला असता तर काका बेसूर आहेत हे सगळ्या देवळाला कळलं असतं. थांबले असते तरी कळलंच असतं. मी काळी एकचा षड्ज दाबून ठेवला आणि भाता इतका हलका घेतला की सूर जेमतेम बोलावा, हवेसारखा. दुसरं बोट लावलंच नाही. टाळ हळू चालू होते. पहिली ओळ तशीच गेली. ओळ फिरून आली तेव्हा काका त्या सुरावर येऊन बसले. त्यांना कोणी आणलं नाही, कानानंच आले. मग मी भाता भरला आणि पूर्ण साथ सुरू केली.

अंतऱ्यात तार षड्जावर त्यांचा दम तुटला. तिथं मी सूर लांबवला. टाळकऱ्यांनी ओळ उचलली, आणि काका पुढच्या शब्दाला परत आत आले. बाहेर अजून अंधार होता. त्या पेटीचा मंद्रातला एक कोमल निषाद थंडीत बोलत नाही, तो चुकवत चुकवत मी शेवटपर्यंत गेले.

प्रसाद घेऊन जाताना काका पेटीपाशी थांबले आणि म्हणाले, "बाई, भाता चांगला सांभाळलात."

बोटांचं नाही, भात्याचं म्हणाले. म्हणजे त्यांना कळलं होतं.

तुमचाही असा एखादा प्रसंग असेल. वाद्य कोणतंही चालेल. बक्षीस मिळालं, टाळ्या पडल्या हे नको. तुमच्या हाताला जे कळलं ते सांगा.


दिंडीतला_पखवाज :

ताई, रामकृष्ण हरी. भात्याचं वाचून मी मोबाईल खाली ठेवला आणि पाच मिनिटं तसाच बसलो.

मी माळशिरस तालुक्यातला. शेती आणि दोन म्हशी. वारीत पखवाज वाजवतो, गेली १७ वर्षं. माझा प्रसंग दिवे घाटातला. पुण्याहून सासवड ही माउलींच्या पालखीची सगळ्यांत लांब चाल, तीस किलोमीटरच्या वर, त्यात एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा नाहीतर भगर. मी तेव्हा २२ वर्षांचा होतो आणि दिंडीत दुसऱ्या नंबरचा पखवाजी होतो. पहिल्याचा पाय हडपसरच्या पुढं मुरगळला. पखवाज माझ्या गळ्यात आला.

घाटात पाऊस. पाऊस म्हणजे पखवाजाचा वैरी. कातडं ढिलं पडतं, सूर उतरतो. मी उजव्या पुडीवर, म्हणजे कातड्याच्या तोंडावर, प्लास्टिक धरायचो, वाजवायचं तेवढंच उघडायचो. धुमेची, म्हणजे डाव्या पुडीवर सुरासाठी थापतात ती, कणीक दोनदा गळून पडली. ओल्या फडक्यात गोळा बांधून कमरेला ठेवला होता, तो चालता चालता लावला.

तरुण हात, त्यामुळं मी लय वाढवत नेत होतो. चढावर लय वाढली की पोरं नाचतात, बरं वाटतं. तिसऱ्या वळणावर माझ्या डाव्या हाताला तुळस डोक्यावर घेतलेली एक आजी होती. आजीची पावलं लयीत पडत नव्हती. दोन ठोके झाले की एक पाऊल, मग थांबणं, मग परत. मी तिच्या पायांकडं बघत राहिलो आणि हात आपोआप उतरला. धुमाळीचा ठेका तोच, पण आजीच्या पावलावर. टाळकऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. विणेकरी बुवा मागं वळले. मागची दिंडी अंगावर येत होती, म्हणून मला वाटलं आता बोलतील. ते बोलले नाहीत. त्यांनीच पाऊल लहान केलं.

घाटमाथ्यापर्यंत आमची दिंडी आजीच्या चालीनं चढली. आजीला काही माहीत नव्हतं. वर पोचल्यावर ती तुळस खाली उतरवून माझ्याच पायाला हात लावायला वाकली. मी मागं सरलो, तिच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानंतर लय कुणाच्या पायातून घ्यायची हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.


खर्ज :

मी मिरजेची. तंबोरा धरते. "धरते" असंच म्हणतात आमच्याकडे. वादकांत माझी गणना होते का माहीत नाही, पण मी ती करते.

तंबोरे मिरजेतच बनतात, तरी घराघरांत आता छोट्या डब्याएवढा इलेक्ट्रॉनिक तंबोराच असतो. मी मात्र हट्टानं खरा वाजवते. दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर इथंच आहे. एका वर्षी एका गायकांच्या मागे बसायला ऐन वेळी माझं नाव आलं. मध्यरात्र उलटलेली, उघड्यावर गारवा. विलंबित ख्याल सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील, माझी पंचमाची तार केसभर उतरली. इतर कोणाला ऐकू आलं नसेल. मला आलं, आणि गायकांच्या मानेवरून कळलं की त्यांनाही आलं.

तंबोरा थांबवायचा नसतो. उजवा हात चारही तारांवर तसाच फिरत राहिला, पंचम, जोड, जोड, खर्ज, आणि डावा हात मी घोडीच्या खाली नेला. तार बारीक मिळवायचा मणी शोधला आणि रेषभर सरकवला. जास्त सरकला. परत मागे. चौथ्या फेऱ्याला तार बोलली, गंधार आपोआप उमटू लागला. तंबोरा नीट लागला की खर्जातून गंधार ऐकू येतो, कोणी न छेडता. त्याच क्षणी गायकांनी गंधारावर न्यास केला आणि बराच वेळ तिथंच थांबले.

मागे वळून बघितलंही नाही त्यांनी. मला अजून तो गंधार ऐकू येतो.


फोंडेकर :

आमच्याकडे गोव्यात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्या मराठीच, साथीला घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळें (झांजा). घुमट म्हणजे मातीचं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजव्या हातानं कातड्यावर वाजवायचं, डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकत-उघडत नाद घुमवायचा.

पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपड मारणं कायद्यानं बंद आहे, आणि ते योग्यच आहे. मग बकरीचं लावू लागले. २०१९ साली सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेव्हा आनंद झाला, पण आमच्या वाड्यावरचे वडीलधारे म्हणत, "बकरीच्या कातड्याला तो नाद नाही." माझे वडीलही तेच म्हणायचे. त्यांनी जुनं घुमट खुंटीला लावलं ते काढलंच नाही.

मी आखातात नोकरीला होतो, परत आलो तेव्हा हे मनावर घेतलं. पहिलं कातडं जाड निघालं, ठप्प वाजलं. दुसरं सुकताना फाटलं. तिसरं बरं वाजायचं, पण संध्याकाळी पाऊस आला की मेलं. चौथ्याला मी कातडं जास्त खरवडलं, अगदी उजेडापुढे धरलं तर बोटं दिसावीत इतकं, ओलं असतानाच दोरीनं चहूबाजूंनी सारखं ताणलं, आणि उन्हात न ठेवता सावलीत सुकवलं.

चवथीच्या पहिल्या रात्री आरतीला तेच घेतलं. वडील आत खोलीत पडून होते, गुडघ्यांमुळे बसवत नव्हतं. तिसऱ्या आरतीला मागून काठीचा आवाज आला. येऊन माझ्या बाजूला भिंतीला धरून उभे राहिले आणि हात पुढे केला. मी घुमट दिलं. त्यांनी उभ्यानंच एक आरती पूर्ण वाजवली.

कातड्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या चवथीला म्हणाले, खुंटीवरच्याला पण ते नवीन कातडं चढव.


पांढरी_चार :

तुम्हा सगळ्यांचं वाचून काल रात्री झोप लागली नाही.

खर्ज ताई, पेटीच्या सुरांची दुनिया ठरलेल्या पट्ट्यांची, म्हणून न छेडलेला गंधार ऐकणं काय असतं ते मला पहिल्यांदा नीट कळलं. मिरज आम्हाला लांब नाही. एकदा तरी खऱ्या तंबोऱ्याजवळ बसून डोळे मिटून ऐकणार आहे.

फोंडेकर दादा, सावलीत सुकवण्याचं कारण काय? उन्हात कातडं आखडतं म्हणून का?

दिंडीतले दादा, तुमच्याकडे एक काम आहे. आमच्या काकड्यात यंदा सातवीतला एक मुलगा पखवाजाला बसतोय. हात फार गोड आहे, पण डावी पुडी त्याला जमत नाही. कधी फटकन वाजते, कधी नुसती धप्प. गावात आता सांगणारं कोणी उरलं नाही. कणीक कशी मळायची, किती लावायची, सांगाल का? काकड्याला बारा दिवस उरलेत.


फोंडेकर :

होय ताई. उन्हात एक बाजू आधी आखडते, ताण सारखा राहत नाही आणि दोरीजवळ चीर जाते. सावलीत सावकाश सगळं एकदम बसतं. माझं दुसरं कातडं उन्हानंच गेलं.


दिंडीतला_पखवाज :

ताई, सांगतो. पोराला वाचून दाखवा.

गव्हाचं पीठ बारीक चाळलेलं घ्यायचं. चपातीला मळतो त्याच्यापेक्षा सैल, पण हाताला चिकटून लोंबणार नाही एवढं. मीठ नको, तेल तर बिलकुल नको, तेलानं कणीक धरत नाही. मळून ओल्या फडक्यात थोडा वेळ ठेवायची. पुडीवर बोटानं पाणी फिरवायचं, मग मधोमध गोल थापायची. मधे जाड, कडेला पातळ होत जाणारी. आधी कमीच लावायची. फटकन वाजते म्हणजे कणीक कमी आहे, धप्प वाजते म्हणजे जास्त झाली. जास्त लावली की सूर उतरतो, काढली की चढतो. उजवीच्या षड्जाचा खालचा षड्ज डावीत मिळेपर्यंत चिमूट चिमूट कमी-जास्त करत राहायचं. पहाटेच्या गार वाऱ्यात ती लवकर सुकते, म्हणून दर दोन-तीन अभंगांनी पाण्याचं बोट फिरवायचं. काकडा झाला की लगेच काढायची आणि पुडी कोरड्या फडक्यानं पुसायची, नाहीतर कातडं कुजतं आणि उंदीर लागतो.

आणि त्याला सांगा, पहिले चार दिवस पेटीकडं बघून नको वाजवू, टाळकऱ्यांच्या पायाकडं बघ. बसलेल्या माणसाचाही अंगठा हलत असतो.