ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जातंय? मास्टर सिलिंडर बघा
तुम्ही विचारलंत की दोनदा ब्लीडिंग (ब्रेकच्या पाइपांतली हवा काढणं) करूनही पेडल खाली जातंय, आता काय करायचं? तिसऱ्यांदा तेच करू नका. पाइपांत हवा असेल तर पेडल स्पंजासारखं लागतं आणि दोन-तीनदा भराभर दाबलं की वर येतं. तुमचं मात्र दाबून धरल्यावर सावकाश बसतंय. इंजिन चालू ठेवून हलका, एकसारखा दाब द्या. (इंजिन सुरू होताना पेडल किंचित खाली जातं, तो दोष नव्हे.) तरीही बसत राहिलं, ब्रेक ऑइलची पातळी तीच आणि चाकांपाशी, पाइपांवर ओल नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ऑइल चाकांच्या ब्रेककडे ढकलणारा भाग) आतले सील गेलेत. हा सिलिंडर बूस्टरला (पायाचा दाब वाढवणारा भाग) जोडलेला असतो, त्या जोडापाशीही ओल तपासा. सिलिंडर बदलेपर्यंत गाडी कृपया रस्त्यावर काढू नका.