मत्सराला बाईचंच अंग का?

ताम्रपट: काल इथे पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार मान्तेन्या याच्या ‘सागरदेवतांची लढाई’ या एनग्रेव्हिंगचा (धातूच्या प्लेटवर कोरून छापलेल्या चित्राचा) फोटो टाकून कुणीतरी लिहिलं, ‘मारामारी पुरुषांची, खापर म्हातारीच्या माथी. स्त्रीद्वेष्टी कला!’ दिवसभर डोक्यातून जाईना. डावीकडे समुद्रराक्षसावर उभी वाळकी बाई, हातातल्या पाटीवर ‘इन्व्हिद’. इन्व्हिदिया म्हणजे मत्सर, लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी. श्रद्धा, आशा, न्याय हेही त्या भाषेत स्त्रीलिंगी, म्हणून चित्रांत बायकाच. चित्रकारावर राग कशाला? जर्मन चित्रकार ड्यूररनं १४९४ साली याचा उजवा भाग पेननं उतरवून घेतला.

पाटीपेन्सिल: आधी फोटो कापणं थांबवा! चित्र दोन प्लेटांचं आहे. मागचा पाठमोरा नेपच्यूनचा, म्हणजे रोमन समुद्रदेवाचा, पुतळाच गायब केलाय. दर वेळी हेच.

गोदाकाठ: व्याकरण पुरे. मान्तेन्या इटलीतल्या पादुआत शिकला. तिथल्याच स्क्रोव्हेन्यी चॅपलमध्ये त्याच्या आधीच्या जोत्तो या चित्रकारानं न्याय बाई रंगवली आणि समोर अन्याय पुरुष. अन्यायाचा लॅटिन शब्द ‘इन्युस्तितिया’ स्त्रीलिंगीच ना? मत्सर मात्र तिथेही बाई. ठरवतं कोण, व्याकरण की माणूस?

सह्यकडा: आपले षड्रिपू सगळे पुल्लिंगी, मत्सरसुद्धा. तिकडचं पाप आपल्या गळ्यात नको.

गोदाकाठ: आणि अक्काबाईचा फेरा? अवदसा? चेटकीण? मत्सर पुल्लिंगी, पण दृष्ट लागते ती वांझेची नि विधवेची! माझ्या आत्यानं भाचीच्या बाळासाठी महिनोन्‌महिने दुपटी शिवली. डोहाळजेवणाला तिला आतल्या खोलीत ताट दिलं. ‘तिची नजर नको.’ मी तेव्हा नऊ वर्षांची होते. दार मीच लोटलं होतं, सांगितलं म्हणून.

सह्यकडा: प्रत्येक धाग्यात घरची दुखणी आणायची का? चित्रावर बोला.

गोदाकाठ: चित्रावरच बोलतेय! ती पाटी आमच्या घरात आत्याच्या हातात होती. तुमच्या घरात कुणाच्या हातात होती ते आठवा, मग मला शिकवा.

सह्यकडा: आमच्याकडे असलं काही नव्हतं. म्हणजे... आजीला हळदीकुंकवाला बोलवत नसत. तेवढंच.

ताम्रपट: रोमन कवी ओव्हिडचा मत्सरही बाईच आहे, फिकट, रोडावलेली. मान्तेन्याआधी दीड हजार वर्षं. तेव्हा दोष त्याच्या एकट्याचा नाही, हे मी सोडत नाही. जोत्तोचा अन्याय मात्र माझ्या ध्यानात नव्हता. आणि मान्तेन्याच्या त्या बाईचे ओघळलेले स्तन व्याकरणातून आलेले नाहीत, एवढं मान्य.

गोदाकाठ: मग काल पोस्ट लिहिणारीला तेवढं सांगा. तिनं ‘म्हातारी’ असंच लिहिलं होतं.