मदत हवी आहे: बत्तिसाव्या आठवड्यातली जुळी, लेकीचा डावा हात लहान, आणि हा मे महिना

गिरणाकाठची

नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, आज लिहितेय. दुपारचे अडीच वाजलेत, लाइट गेलीये, दोघं एकाच वेळी झोपलीत. म्हणजे माझ्याकडे फार तर वीस मिनिटं आहेत. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

जानेवारीच्या शेवटी ३२ व्या आठवड्यात सिझर झालं. मुलगा १६४० ग्रॅम, मुलगी १३८० ग्रॅम. तो २३ दिवस काचेच्या पेटीत होता, ती ३४ दिवस. आज चौदा आठवड्यांची आहेत. तो ३ किलो ८००, ती ३ किलो २००. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दोनदा झाली, दोघांचं ठीक आहे.

मुलीचा डावा हात कोपराच्या खाली दोन बोटं अंतरावरच संपतो. टोकाला मोहरीएवढ्या पाच गाठी आहेत, बोटं व्हायची राहून गेल्यासारख्या. एकीवर नखाचा ठिपकासुद्धा आहे. सोनोग्राफीत कळलं नव्हतं, एक बाळ दुसऱ्याच्या आड होतं म्हणे. डॉक्टरांनी हृदय, किडनी, पाठीचा कणा सगळं तपासलं, बाकी काही नाही. तिला दुखत नाही असंही सांगितलं.

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले ती अजून इथेच आहे. बाहेर ४४. कूलरला पाणी घालायला माणूस पाहिजे आणि लाइट पाहिजे, दोन्ही एका वेळी मिळत नाही.

आता खरा प्रश्न. माझ्या आईने जुन्या सुती साडीची आठ झबली शिवली. मऊ आहेत, छान आहेत. पण सगळ्यांच्या बाह्या लांब, आणि छोटीच्या डाव्या बाहीला खाली गाठ मारलेली. कुणी बघायला आलं की "लोके काय म्हनतीन माय?" म्हणून आई अंगावर वरून दुपटं टाकते. काल गाठ सोडली तर कोपराच्या घडीत घामोळं, लालभडक, आणि टोकाच्या गाठींच्या मध्ये ओलसर पांढरं. मी रडले. आईपण रडली. बाही मात्र संध्याकाळी परत होती.

आईला सारखं वाटतं की तिचं चुकलं. ७ सप्टेंबरच्या चंद्रग्रहणात तिने मला वांगी चिरताना अडवलं नाही म्हणे. मी कितीदा सांगितलं, ऐकत नाही.

आणखी, पटापट लिहिते:

न्हाऊ घालणारी मावशी तो हात ओढते. "वढी वढी लांब व्हई" म्हणते. मला बघवत नाही, पण तिने माझ्या आईच्या सगळ्या बाळंतपणांत हेच केलंय, तिला कसं थांबवू?

परवा लोहाचे थेंब मोठ्याला दोनदा गेले आणि छोटीला गेलेच नाहीत. फोन केला, घाबरू नका म्हणाले. पण रात्री तीन वाजता कोणाला काय दिलं हे मला खरंच आठवत नाही. एकीला पाजते तोवर दुसरा उठतो. झोप म्हणजे काय ते विसरले.

शेजारची काकू म्हणते साडेतीन महिन्यांची झाली तरी हसत नाहीत, मान धरत नाहीत, लसीचा डोसही पुढे ढकल, फार लहान आहेत.

आणि बारसं. सासरी आहे, वैशाख संपायच्या आत. तिथे छोटीला कोणत्या बाह्यांचं झबलं घालू?

उठला एक. नंतर वाचते.

दोनाची आई

अगं, आधी श्वास घे. माझी जुळी ३४ व्या आठवड्यात झाली, आता शाळेत एकमेकांची चहाडी करतात.

शंभर पानी वही घे, मधोमध रेघ मार, डावीकडे तो, उजवीकडे ती. वेळ, दूध, शू, शी, थेंब. पेन वहीला सुतळीने बांध, नाहीतर पहाटे पेन शोधण्यातच एक फीड जातं. थेंबांच्या दोन बाटल्या ठेव, एकीला लाल दोरा. आमच्याकडे हे सगळं माझ्या सासऱ्यांनी केलं. ते दहावी नापास, पण वही अशी की डॉक्टरने फोटो काढला.

पाजताना: मांडीवर दोन उशा घे, दोघांना दोन काखांत धर, त्यांचे पाय तुझ्या पाठीमागे, डोकी समोर. पहिले आठ दिवस कोणीतरी समोर बसलेलं लागतं, नंतर जमतं. एक उठला की दुसऱ्याला उठवायचंच, दया करायची नाही. दया केली की रात्र गेली. काढलेलं दूध या उन्हात बाहेर ठेवू नकोस, लगेच फ्रीजमध्ये. बाटलीपेक्षा वाटी-चमचा नाहीतर बोंडलं (चोचीची छोटी वाटी) बरं. बोंडलं उकळता येतं आणि कुणाच्याही हातात देता येतं.

बाहीबद्दल मला काही सांगता येणार नाही. पण आईवर रागावू नकोस.

जिभाऊ

ताई, आमच्याकडे असं झालं तर ग्रहणाची शांती करतात. श्रावणात कानबाई देवीलाही नवस बोला. बाकी डॉक्टर आहेतच.

रात्रपाळी

मी नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे, बारा वर्षं झाली. जिभाऊ, कानबाईला जरूर बोला, रोट आम्हीपण करतो. पण शांतीचं नाव काढलं की बाईच्या डोक्यात पक्कं बसतं की आपलं काहीतरी चुकलं. म्हणून हिशोब मांडते. जानेवारीच्या शेवटी ३२ आठवडे, म्हणजे ७ सप्टेंबरला साधारण १२ वा चालू. पाळीच्या तारखेपासून दहा आठवडे होईपर्यंत बाळाचे हात, पाय, बोटं घडून झालेली असतात. वांगी चिरली तेव्हा हात आधीच तसा होता. आईला हे कॅलेंडर समोर ठेवून बोटाने दाखव. तोंडी सांगितलं की पटत नाही, कॅलेंडरवर पटतं. आमच्याकडच्या आज्यांवर चालतं.

वय: तुझी बाळं आठ आठवडे आधी आली. हसणं, मान, पालथं पडणं यासाठी चौदातून आठ वजा कर. दीड महिन्याची आहेत. हसण्याची वेळ आत्ता कुठे येतेय. डोस मात्र जन्मतारखेनेच, त्यात वजाबाकी नाही. साडेतीन महिन्यांचा डोस ठरल्या दिवशी दे. डिस्चार्ज कार्डावर ऐकण्याची तपासणी झाल्याची नोंद आहे का बघ. पेटीत राहिलेल्या बाळांची बेरा तपासणी करतात, ती राहिली असेल तर आताच करून घे.

उन्हाळा: पाणी नाही, ग्लुकोज नाही, घुटी नाही. सहा महिन्यांपर्यंत दूधच, फक्त या दिवसांत जास्त वेळा. दिवसात सहा-आठ वेळा शू झाली की पुरे होतंय असं समज. कूलर खोलीत चालेल, पण झोत बाळांवर नको आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीचं स्नानगृह होतं. धुरी बंद. या फुप्फुसांना शेगडीचा धूर नको, मग त्यात ओवा टाका नाहीतर बाळंतशोपा. छातीशी उघडं बाळ घेऊन बसतेस ना अजून? उकाड्यात पहाटे बस, चार ते सहा. एक तुझ्याकडे, एक बाळाच्या बाबांकडे.

अंग ३७.५ सेल्सिअसच्या वर गरम, किंवा हात-पाय गार, दूध ओढणं बंद, छाती आत जाते, ओठ निळे, यातलं काहीही दिसलं तर धागा लिहीत बसू नकोस, १०८ लाव. वर्षाच्या आतल्या बाळाला सरकारी दवाखान्यात उपचाराचा खर्च लागत नाही.

हात ओढायचा नाही. ओढून हाड वाढत नाही, कोपराला इजा मात्र होते. मावशीला सांग डॉक्टरने लिहून दिलंय. कागद लागत असेल तर मी लिहून देते, शिक्का नसलेला! दोन्ही हातांना सारखंच तेल, सारखाच हलका हात. गाठींमधलं पांढरं साध्या पाण्याने पुसून कोरडं कर, पावडर भरू नकोस. चार दिवसांत गेलं नाही तर दाखव. आणि ती बाही आधी काढ.

एकहाती

मी शिरपूरकडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझा उजवा हात कोपराखाली नाही, जन्मापासून. तुझा धागा तीनदा वाचला.

आधी बाहीचं. माझ्या आईनेही बाहीला गाठ मारली होती. दुसरी-तिसरीपर्यंत मला वाटायचं की हातापेक्षा बाहीतच काहीतरी भयंकर आहे. मामाच्या गावी विहिरीत पोहायला उतरले तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी पाहिला. पोरं पाच मिनिटं बघत बसली, मग पाणी उडवायला लागली. मोठी माणसं मात्र काठावरून अजून बघतच होती.

तुझ्या लेकीला कोपर आहे. कोपर म्हणजे फार मोठी गोष्ट आहे गं. कोपराने मी वही दाबते, पिशवी अडकवते, पेन धरते, स्कूटीचं किल्लीचं कव्हर उघडते. भाकरी एका हाताने थापते आणि कडा छोट्या हाताने वळवते, कळण्याच्या पिठाचीसुद्धा. कडा जरा जाड राहतात, नवरा बोलतो, मग मी त्याला थापायला सांगते.

आता तुझ्यासाठी. पोटावर ठेवशील तेव्हा छोटीच्या छातीखाली टॉवेलची गुंडाळी दे, डाव्या बाजूला जरा जाड. नाहीतर ती त्या बाजूला कलते आणि नेहमी उजवीकडेच मान ठेवायची सवय लागते. खुळखुळा कधीकधी मुद्दाम डाव्या बाजूला धर. त्या टोकाने तिला दुपटं, तुझा गाल, भावाचं डोकं लागू दे. कपड्यात बांधलेल्या हाताला काही कळत नाही. आपल्याला मोज्यात बोटं घालून पोळी लाटायला लावलं तर कसं होईल, तसं.

कृत्रिम हाताची घाई नको. बाळ बसायला लागलं की पहिला हलका हात बसवतात काही ठिकाणी, पण पुष्कळ मुलं तो काढून फेकतात. मी फेकला. सल्ला मात्र घेऊन ठेव. जिल्ह्याला डीईआयसी म्हणजे मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. वेळेआधी आलेल्या बाळांचं वाढीचंही तिथेच बघतात, म्हणजे दोघांना एकाच फेरीत नेता येईल. पुढे गरज वाटली तर मुंबईत हाजीअलीला सरकारी पुनर्वसन संस्था आहे. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचंही विचारून ये. ते काढलंस म्हणून पोरीवर शिक्का बसत नाही, शिष्यवृत्ती आणि बसच्या सवलतीला पुढे तेच लागतं.

त्या हाताला घरात एक नाव द्या. आमच्याकडे "बारका हात". नाव नसलं की लोक आपलं नाव देतात, आणि ते चांगलं नसतं.

बारशाला बिनबाह्यांचं घाल. दोघांना सारखंच.

गिरणाकाठची

सगळ्यांचे आभार. एकेकाला लिहायचं होतं, पण हाताला वेळ नाही. वही सुरू झाली. माझ्या बाबांनी रेघ मारली, आता ते रात्री उठून मलाच विचारतात, "उजवीकडचं राहिलं का गं?"

एकहाती ताई, एक विचारू? कुणी तोंडावर विचारलं तर काय सांगायचं? काल चुलत आजी आली आणि दारातूनच, "माय वं, पोरीना हात कोठे गया?"

एकहाती

"गया नही, येवढाच शे." आणि लगेच पोर तिच्या मांडीवर द्यायची. मांडीवर बाळ आलं की कोणी प्रश्न विचारत नाही, लंगोट ओला आहे का तेच बघतात. मी आजही शाळेत नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी बारका हात टेबलावर ठेवून दाखवते. पंधरा मिनिटं प्रश्न. एका पोराने विचारलं होतं, बाई, तुम्ही टाळी कशी वाजवता? मी वाजवून दाखवली. आवाज कमी येतो.

रात्रपाळी

घामोळ्याचं कळव गं.

गिरणाकाठची

आठ दिवसांनी येतेय. घामोळं गेलं. मावशीला कागद दाखवला, म्हणजे डिस्चार्ज कार्डच दाखवलं, तिला वाचता येत नाही. आता ती दोन्ही हातांना सारखंच तेल लावते आणि मध्येच पुटपुटते. डोस दिला. मोठ्याला ताप आला, उतरला. बेराची तारीख मिळालीये, त्याच दिवशी डीईआयसीला जाऊन येणार.

आईला कॅलेंडर दाखवलं. तिने जून महिन्यापासून एकेक आठवडा मोजला, दोनदा मोजला, आणि काहीच बोलली नाही. दुपारी मी पाजत होते तर कात्रीचा आवाज आला. झबली घेऊन बसली होती. आठही झबल्यांच्या डाव्या बाह्या कापल्या, नीट दुमडून टीप घातली.

उजव्या तशाच लांब. म्हटलं, "आई, ऊन दोन्ही हातांना लागतं."

तर म्हणे थांब, दोरा संपला.