चर्चा : लाँगबोला (उंच, साध्या धनुष्याला) दोरी कशाची आणि किती पदरी?

वेळूबन, सातारा : काल इथे एकाने ठोकून दिलं, "४५ पाउंड ओढीच्या कळकाच्या लाँगबोलाही फास्टफ्लाइटचे (नव्या कृत्रिम धाग्याचे) ८ पदर घाला, डेक्रॉन (जुना पॉलिएस्टर धागा) फेकून द्या." हे वाचून नवी पोरं धनुष्यं फोडून घेतील. फास्टफ्लाइट जवळजवळ ताणलीच जात नाही. बाण सुटल्यावरचा सगळा झटका टोकाच्या खाचेवर येतो. टोकाला शिंग किंवा कठीण लाकूड नसेल, तर दोरीच्या टोकाचा बारीक फास कळकाच्या उभ्या धाग्यांत घुसतो आणि टोक चिरतं. डेक्रॉनचा बी-५५ धागा, १४ पदर. विषय संपला.

मिरजकर : कसा काय संपला? टोक चिरतं ते फास बारीक म्हणून. फ्लेमिश पीळ (दोन जुड्या एकमेकींत पिळून फास करायची रीत) घालताना ४-४ पदरांच्या दोन्ही जुड्यांत फासापुरते ३-३ तुकडे मेण लावून मिसळा. तुकड्यांची टोकं मागेपुढे कापा, नाहीतर तिथे एकदम गाठ येते. मधे ८, फासात १४. खाच भरते.

वेळूबन : जाड फासाने दाब पसरतो, एवढं मान्य. झटका कुठे जातो?

कृष्णाकाठ, सांगली : डेक्रॉनचा पदर अंदाजे ५० पाउंडाला तुटतो. १४ पदर म्हणजे ७००! नुसत्या ताकदीला ८ सुद्धा पुरले असते. १४ लागतात ते दोरी कमी ताणावी आणि नॉक (बाणाच्या मागची खाच) नीट बसावा म्हणून. बाण दोरीला लटकवा, दोरीला टिचकी मारा. तेव्हा पडला तर बरोबर. आधीच पडला तर सर्व्हिंगखाली (दोरीच्या मधल्या भागावर गुंडाळलेल्या दोऱ्याखाली) २ जादा पदर घ्या. आणि जवसाचा दोरा कुणालाच कसा आठवत नाही?

मिरजकर : जवस? महाबळेश्वरच्या पावसात?

कृष्णाकाठ : जवस ओला झाला की उलट मजबूत होतो, हे आधी माहीत करून घ्या. १५४५ साली बुडालेल्या इंग्लंडच्या मेरी रोज जहाजावरच्या बाणांच्या खाचा जेमतेम ३ मिलिमीटरच्या. शंभर पाउंडांवरची धनुष्यं नैसर्गिक तंतूंच्या तेवढ्याच जाडीच्या दोरीवर चालायची.

वेळूबन : आणि दोऱ्या तुटायच्याही! ओलीसुकी झाली की लांबी बदलते, ब्रेस हाइट (चढवलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर) रोज तपासा. शिवाय जवस झिजतो सर्व्हिंगच्या आत, दिसत नाही. सर्व्हिंगची कड उलगडून बघा, आत लव सुटलेली दिसली की दोरी बाद. भर ओढीत तुटली तर धनुष्यही जातं.

कृष्णाकाठ : मग वेळेवर बदला. मेण न लावता वापरायचं आणि दोष जवसाला द्यायचा, हे बंद करा.

मिरजकर : जवसाची वेगळी चर्चा काढा, मूळ प्रश्न राहिला बाजूला. शिंगाने किंवा कठीण लाकडाने टोकं न मढवलेल्या कळकाला डेक्रॉनच, घ्या. मढवलेल्याला मात्र फास्टफ्लाइट, मधे १०, फासात १६, ब्रेस हाइट साडेसहा इंच. याहून मागे मी हटणार नाही.