ताण, तणाव की दडपण? प्राध्यापकांच्या प्रश्नावलीसाठी शब्द हवेत

प्रश्न (रत्नागिरी): जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी कामाच्या ताणावर प्रश्नावली करतोय. इंग्रजी प्रतीत स्ट्रेस, प्रेशर, वर्कलोड, बर्नआउट, कोपिंग असे वेगवेगळे शब्द आहेत. माझ्या मसुद्यात वर्कलोड तसाच राहिला, बाकी बहुतेक ठिकाणी 'तणाव' झालाय. एका मॅडमनी शेरा मारला, "आमच्या स्टाफरूममध्ये तणाव नाही, सगळे गुण्यागोविंदाने राहतो." काय बदलू?

चिपळूण: मॅडमचं बरोबर आहे. तणाव दोघांत असतो, नाहीतर गावात. एकट्या माणसावर येतो तो ताण. दडपण म्हटलं की समोर कोणीतरी हवं: प्राचार्य, नॅकची (महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची) टीम, लागणारा निकाल. मुरलेल्या मास्तरला वर्गाचं दडपण येत नाही, पण एक्यूएआरचे (नॅकला दरवर्षी पाठवायच्या गुणवत्ता अहवालाचे) तक्ते भरताना जीव मेटाकुटीला येतो.

आणि 'वर्कलोड' आधी काढा. आपल्याकडे वर्कलोड म्हणजे आठवड्याचे तास. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला 16, सहयोगीला 14 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. पोरं मुंबई-पुण्याला गेली, तुकडी आटली की हे तास भरत नाहीत आणि पदच अतिरिक्त ठरण्याची भीती. तुम्ही विचारणार "वर्कलोडचा त्रास होतो का?" आणि तो "हो" म्हणेल, कारण वर्कलोड कमी पडतोय! सरळ 'कामाचं ओझं' लिहा.

सावंतवाडी: तासिका तत्त्वावरच्यांना विसरू नका. त्यांना ताण नाही, घोर असतो. तास घेतला तर मानधन, गणपतीची सुट्टी लागली की तेही बंद, आणि पुढच्या वर्षी बोलावतील का, हा घोर वेगळाच. त्यांच्यासाठी 'जिवाला घोर' असा स्वतंत्र प्रश्नच हवा.

दापोली: बर्नआउटला 'थकवा' नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात (2022पासून लागू) तो आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे. लक्षणं तीन: शक्ती संपणं, कामापासून मन उडणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. शीण झोपेने जातो, उबग जात नाही. मी 'कामाचा उबग' लिहीन. तरुणांना अवघड वाटला तर 'वीट'.

प्रश्नकर्ता: आणि कोपिंग? 'मुकाबला' लिहिलंय.

दापोली: लढाईला निघालात की काय! लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984मध्ये कोपिंगचे, म्हणजे ताणाला तोंड देण्याचे, दोन प्रकार सांगितले, त्यांना मराठी तयार आहे. वेळापत्रक बदलून घेणं, काम वाटून घेणं म्हणजे 'मार्ग काढणं'. संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फेरी, भजनाला बसणं म्हणजे 'मन रमवणं'. दोन्ही मिळून 'निभावणं'.

देवगड: डाळिंबवाले पाणी बंद करून झाडाला ताण देतात आणि मग पाणी सोडून 'ताण तोडतात'. आमच्या हापूसला पावसानंतरचा ताण मोहोरासाठी लागतोच. पण म्हणून "थोडा ताण चांगलाच" असं वाक्य प्रश्नावलीत घालू नका, संस्थाचालक तेवढंच वाचतील.

चिपळूण: 'चालायचंच' हाही पर्याय ठेवा. अर्धा स्टाफ त्यावरच खूण करील.