पहिल्याच आठवड्यात उतरलेला छोटा चित्रपट सोलापुरात पुन्हा लावता येईल का?

प्रश्न : साचेवाला

नमस्कार. काही मित्रांनी पदरचे पैसे घालून काढलेल्या एका मराठी चित्रपटाचे संकलन मी केले आहे. बंद पडत आलेल्या यंत्रमाग कारखान्याच्या वाटणीवरून तीन भावांत चाललेले रुसवेफुगवे आणि त्यातून उडणारी धमाल हा त्याचा पूर्वार्ध आहे, तर कारखाना खरोखरच विकला जातो तेव्हा त्या घराचे काय होते, हा उत्तरार्ध आहे. संवाद सोलापुरी मराठीत आहेत आणि शहराच्या पूर्वभागातल्या घरांत बोलली जाते ती तेलुगूही त्यात येते. सेन्सॉरचे ‘यूए 13+’ प्रमाणपत्र वेळेत मिळाले. अडचण त्यानंतर सुरू झाली.

मोठा हिंदी चित्रपट समोर आला म्हणून वितरकाने प्रदर्शन पुढे ढकलले, आणि नवी तारीख जाहीर झाली तेव्हा प्रसिद्धीसाठी ठेवलेले पैसे आधीच्या तारखेच्या फलकांवर खर्च होऊन गेले होते. शेवटी ज्या शुक्रवारी तो लागला, त्या आठवड्यात सोलापुरात आम्हाला सकाळी दहाचा एकच खेळ मिळाला. ज्यांच्यावर हा चित्रपट आहे ती माणसे त्या वेळी कामावर असतात. सोमवारी तो उतरवला गेला. आता वितरक म्हणतो की चित्रपटाचे आयुष्य संपले, आणि ओटीटीवाले तिकीटबारीचा आकडा विचारतात. मराठी चित्रपटासाठी असलेल्या प्राइम टाइमच्या नियमाचा आम्हाला काही उपयोग होईल का? हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृह यांसारख्या इथल्या नाटकाच्या सभागृहांत आम्ही स्वतः तिकीट लावून खेळ करू शकतो का?

उत्तर : जुना बुकिंग क्लार्क

मी अनेक वर्षे चित्रपटगृहाच्या बाजूने हा व्यवहार पाहिला आहे, त्यामुळे आपल्याला कदाचित न आवडणारे काही सांगतो. सकाळी दहाचा खेळ कोणी आकसाने देत नाही. शुक्रवारचे वेळापत्रक बुधवार-गुरुवारी आगाऊ बुकिंग पाहून ठरते, आणि ज्या चित्रपटाचे बुकिंग जवळजवळ शून्य आहे त्याला संध्याकाळचा खेळ देणाऱ्या व्यवस्थापकाला वरून जाब विचारला जातो.

प्राइम टाइमच्या नियमावर फार विसंबू नका. 2015 साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवण्याचे बंधन घातले तेव्हा आधी संध्याकाळी 6 ते 9 ही वेळ बोलली जात होती. चर्चेनंतर ती दुपारी 12 ते रात्री 9 अशी ठरली. म्हणजे सव्वाबाराचा खेळ लावला तरी कागदावर नियम पाळला जातो. शिवाय बंधन ‘मराठी चित्रपट’ दाखवण्याचे आहे, ‘आपला चित्रपट’ दाखवण्याचे नाही. त्याच आठवड्यात नावाजलेल्या नटांचा दुसरा मराठी चित्रपट असेल तर ती जागा तोच घेणार.

पैशाची रचनाही संथ चालणाऱ्या चित्रपटाच्या विरुद्ध आहे. 2009 साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील संपानंतर जो तोडगा निघाला, त्यात निर्मात्या-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 टक्के असा उतरता ठरला होता. आकडे करारागणिक बदलतात, पण उतरण कायम असते. विनोदी-गंभीर चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उभा राहतो, आणि नेमका तेव्हाच आपला हिस्सा घटलेला असतो. त्यातून डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क दर पडद्याला वेगळे भरावे लागते, ते खेळ रिकामा गेला म्हणून परत मिळत नाही. माझे मत विचाराल तर पडदे कमी घ्या, पण संध्याकाळचे घ्या. एकपडदा चित्रपटगृह ठरलेल्या भाड्यावर मिळत असेल तर टक्केवारीपेक्षा ते बरे.

उत्तर : करारपत्र

सभागृहाची चौकशी करण्याआधी वितरकाशी झालेला करार काढून वाचा. वितरकाने किमान रक्कम देऊन हक्क घेतले आहेत की केवळ कमिशनवर चित्रपट लावून दिला आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. कमिशनचा व्यवहार असेल तर प्रसिद्धीचा आणि प्रतींचा खर्च आधी वळता होतो, म्हणून त्या खर्चाचा लेखी हिशेब मागण्याचा आग्रह धरा; ‘आयुष्य संपले’ हे तोंडी वाक्य हिशेब होत नाही. हक्क किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले आहेत तेही तपासा, आणि मुदत शिल्लक असेल तर सोलापूर जिल्ह्यातील खेळांपुरते लेखी नाहरकतपत्र घ्या. ज्याने स्वतः चित्रपट उतरवू दिला, त्याला एका जिल्ह्यासाठी नकार देण्याचे सबळ कारण सहसा नसते.

प्रमाणपत्राची चिंता नको. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील 2023 च्या दुरुस्तीने प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत काढून टाकली आहे. मात्र प्रमाणपत्र मिळाल्यानंतर एखादा प्रसंग कापला किंवा जोडला असेल तर तो सेन्सॉर मंडळाला कळवावा लागतो. सभागृह नाटकासाठी आहे म्हणून चित्रपटाची परवानगी आपोआप मिळाली असे समजू नये. शहरात पोलीस आयुक्तालयात आणि तालुक्याच्या गावी जिल्हाधिकारी कार्यालयात आधी लेखी अर्ज करून विचारून घ्या. तिकीट शंभर रुपयांपर्यंत ठेवा, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून त्या दरापर्यंत जीएसटी 5 टक्के आहे आणि त्याहून महाग तिकिटावर थेट 18 टक्के.

उत्तर : पूर्वभागातला प्रेक्षक

मी हा चित्रपट पाहिला आहे असे वाटते, कारण वर्णन तंतोतंत जुळते. खेळाची वेळ वाईट होती हे खरे, पण जाहिरातीने त्याहून जास्त नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रेलरमध्ये सगळे विनोद एकापाठोपाठ लावले होते आणि कारखान्याच्या लिलावाचा मागमूसही नव्हता. माझ्या पुढच्या रांगेतले कुटुंब लेकराबाळांसह पोट धरून हसायला आले होते. बाहेर पडताना त्यांतल्या काकू ‘पिक्चर रडका निघाला’ असे फोनवर कोणाला तरी सांगत होत्या. अशा एका फोनने चार तिकिटे जातात. चित्रपट मुळीच रडका नाही, थोरली वहिनी तेलुगूत दिराची खरडपट्टी काढते तेव्हा अख्खे चित्रपटगृह हसत होते, पण हसवून शेवटी चटका लावणारी गोष्ट आहे हे आधी सांगितले असते तर तोच शेवट तक्रारीचा न होता कौतुकाचा विषय झाला असता.

आणि आपण खेळ शहराच्या मध्यभागी, नवी पेठेच्या बाजूलाच का शोधत आहात? आमच्याकडे पूर्वभागात तेलुगू चित्रपटाला रांगा लागतात. अशोक चौक, दत्त नगर, विडी घरकुल या भागांत ट्रेलर फिरवा, तोही वहिनीच्या त्या प्रसंगाचा.

उत्तर : साचेवाला

सर्वांचे आभार. करार पाहिला, व्यवहार कमिशनचा आहे आणि हक्कांची मुदत अजून शिल्लक आहे, म्हणून खर्चाचा हिशेब आणि नाहरकतपत्र अशा दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मागितल्या आहेत. ट्रेलर मीच नव्याने कापायला घेतला आहे. ओटीटीबद्दल कोणी अनुभवाने सांगू शकेल का? सभागृहातील खेळांची विक्री ते तिकीटबारीत धरतात का?

उत्तर : जुना बुकिंग क्लार्क

बुकिंगच्या संकेतस्थळावरून विकलेली तिकिटे दाखवता येतात, हाताने फाडलेली कोणी मोजत नाही; त्यामुळे सभागृहाचे खेळही शक्यतो ऑनलाइन विक्रीवर घ्या. ओटीटीकडे थेट जाण्याचा मार्ग काही काळ बराच मोकळा होता. पुण्याहून पंढरपूरला निघालेल्या कुटुंबाचा ‘कारखानीसांची वारी’ 2020 मध्ये टोकियोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि डिसेंबर 2021 मध्ये थेट सोनी लिव्हवर आला. त्या काळात चित्रपटगृहेच धड चालू नव्हती. आज मात्र बहुतेक मंच आधी पडद्यावरची कामगिरी पाहतात आणि लहान चित्रपटाला एकरकमी किंमत देण्याऐवजी पाहिलेल्या तासांवर पैसे देऊ करतात. तसा प्रस्ताव आला तर हक्क कायमचे देऊ नका, ठरावीक वर्षांसाठीच द्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मात्र सभागृहाची तारीख घेऊ नका. संध्याकाळी सगळे गाव होम मैदानावर असते.