व्ह्यूजचे पैसे बंद झाले, आता काय?

उलटसुलट:
मी विणकामाचे छोटे व्हिडिओ करते. सुयांवरचं विणकाम, क्रोशा नाही. मोजे ही माझी खासियत. ज्या प्लॅटफॉर्मवर मला सगळ्यात जास्त लोक बघतात, त्यांची परवा मेल आली. छोट्या व्हिडिओंना व्ह्यूजप्रमाणे पैसे देणारा निधी बंद, महिनाअखेरपर्यंतचा हिशोब चुकता करू, पुढच्या 'नव्या संधीं'बद्दल यथावकाश कळवू. मेलची भाषा इतकी गोड की पहिल्यांदा वाचताना वाटलं काहीतरी बक्षीसच मिळालंय.

रक्कम फार नव्हती, पण दर महिन्याला यायची. लोकर, दिवे, एडिटिंगचं ॲप एवढं त्यातून सुटायचं आणि वर थोडं उरायचं. आता व्ह्यूज तेवढेच आहेत, उलट वाढलेत, आणि हातात शून्य.

दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जावं का? मेंबरशिप सुरू करावी का? इतके दिवस फुकट बघणाऱ्यांकडे एकदम पैसे मागायचे म्हणजे मला कसंतरीच होतं. यातून गेलेल्यांनी सांगा. 'आवड जपा, पैसा मागून येईल' छापाचं काही नको, प्लीज.

आगाऊ:
लोकर बनवणाऱ्या कंपन्या आहेत, सुया बनवणारे आहेत, त्यांना सरळ मेल टाका. एक बरा स्पॉन्सर मिळाला तर निधीतून कैक महिन्यांत यायचं ते एका फटक्यात येतं. फक्त पैसे घेऊन केलेला व्हिडिओ आहे हे त्यातच स्पष्ट लिहा, बऱ्याच देशांत ते कायद्याने बंधनकारक आहे. आणि 'आम्ही लोकर पाठवतो, तुम्ही व्हिडिओ करा' याला हो म्हणू नका. लोकर देऊन विजेचं बिल भरता येत नाही.

रेघोट्या:
मी चित्रकलेचे व्हिडिओ करतो, मुख्यतः पर्स्पेक्टिव्हचे, म्हणजे सपाट कागदावर खोली कशी दाखवायची त्याचे. निधीची हवा मीही खाल्ली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. तो पैसा म्हणजे तुमच्या व्हिडिओची किंमत नव्हती. निधी, बोनस वगैरे जे काही असतं तो प्लॅटफॉर्मचा स्वतःच्या जाहिरातीवरचा खर्च असतो. नवा प्रकार रुजवायचा असतो, शेजारच्याकडची माणसं ओढायची असतात, तोवर पैसे वाटतात. माणसं आली की हात आखडता. टिकटॉकने २०२० मध्ये २० कोटी डॉलरचा निधी वाजतगाजत जाहीर केला, आणि १६ डिसेंबर २०२३ ला अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि फ्रान्समध्ये तो बंद झाला. त्याच्या जागी आलेल्या योजनेत एक मिनिटापेक्षा लांब व्हिडिओच चालतात. यूट्यूबने शॉर्ट्ससाठी २०२१ मध्ये १० कोटी डॉलर काढले होते, तेही पुढे संपवले. इन्स्टाग्रामने रील्सचा बोनस २०२३ च्या मार्चमध्ये थांबवला. पिंटरेस्टने तर क्रिएटरांना पैसे द्यायची योजना २०२२ च्या नोव्हेंबरातच गुंडाळली होती. साधारण वर्षभरात एवढ्या ठिकाणी नळ बंद झाले, आणि त्या वर्षात जगातले सगळे क्रिएटर एकदम वाईट काम करायला लागले होते असं काही नाही.

निधीचं गणितच मुळात आपल्या विरुद्ध जातं. रक्कम ठरलेली, वाटेकरी वाढते. हँक ग्रीन या अमेरिकन यूट्यूबरने जानेवारी २०२२ मध्ये टिकटॉकबद्दल हेच मांडलं होतं: प्लॅटफॉर्म जितका यशस्वी, तितके दर व्ह्यूमागचे पैसे कमी.

म्हणून दुसरीकडे जायचं असेल तर तिथे एवढंच विचारा की हा निधी आहे की जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा. यूट्यूब लांब व्हिडिओंवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के देतं. शॉर्ट्सचे पैसे फेब्रुवारी २०२३ पासून वाट्याच्या हिशोबात आले, तिथे ४५ टक्के, आणि तेही क्रिएटरांसाठी बाजूला काढलेल्या रकमेतले. वाटा निधीपेक्षा बरा, कारण जाहिरात विकली गेली तर त्यांनाही मिळतं आणि आपल्यालाही. पण तोही कायमचा धरू नका. तिथे पैसे बंद होत नाहीत, उंबरठा वर सरकतो. २०१८ च्या जानेवारीत यूट्यूबने १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत लोकांनी बघितलेले ४००० तास ही अट आणली. त्याआधी एकूण १०,००० व्ह्यूज झाले की पुरे होतं. जे खालच्या पायरीवर होते ते उभे होते तिथेच बाहेर पडले.

आता मेंबरशिप. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. दर महिन्याला पैसे घेतले की दर महिन्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि सुरुवातीला मूठभर सभासद असतात तेव्हा त्या मूठभरांसाठी तुम्ही जवळजवळ अख्खी नोकरी करत असता. आजारी पडलात तर अपराधी वाटतं ते वेगळंच. शिवाय छोट्या रकमेतून कापणारे फार. पेट्रियन या क्रिएटरांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये दर वर्गणीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट एवढं शुल्क वर्गणीदारांवरच टाकायचं ठरवलं. एक डॉलर देणाऱ्याला एक डॉलर ३८ सेंट पडणार होते. लोक भराभर वर्गण्या रद्द करायला लागले आणि काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. त्यांनी माघार घेतली तरी धडा खरा आहे: टक्क्यांसोबत ठरावीक सेंट कापणारी कुठलीही व्यवस्था छोट्या वर्गणीला कुरतडते.

आधी एकदाच बनवून पुन्हापुन्हा विकता येईल अशी वस्तू काढा. मी सरावाची पानं विकतो. क्षितिजरेषा आणि दोन बिंदू छापलेले, बाकी कागद कोरा. व्हिडिओ फुकटच आहे, पण बघणाऱ्याला हात चालवायला काहीतरी समोर लागतं, त्याचे पैसे तो कुरकुर न करता देतो. तुमच्या व्हिडिओखाली लोक सारखं काय विचारतात?

हिशेबी:
रेघोट्या, बाकी पटलं. पण आधी घाईची कामं सांगा त्यांना! डॅशबोर्ड आहे तोवर सगळी आकडेवारी उतरवून ठेवा. कुठला व्हिडिओ किती जणांनी सेव्ह केला, शेवटपर्यंत किती टिकले, कुठल्या देशातून बघतात. स्पॉन्सरला हेच लागतं आणि योजना बंद झाली की ते पान गायब होऊ शकतं. दुसरं म्हणजे पैसे काढायची किमान रक्कम. तुमची शिल्लक तिच्याखाली असेल तर ती मिळणार की बुडणार, हे आत्ताच लेखी विचारून घ्या. आलेल्या पैशाच्या पावत्याही उतरवा, करासाठी लागतील.

कोणीतरी इथे येऊन ॲफिलिएट लिंकचं, म्हणजे आपल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की मिळणाऱ्या कमिशनचं, सांगेलच म्हणून मीच सांगतो. लिंक जरूर टाका, पण त्यावर घर चालवू नका. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये फर्निचर आणि घरसामानाचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं, किराण्याचं ५ वरून १ वर. लिंक त्याच, गिऱ्हाईक तेच, आणि कमाई एका आठवड्यात निम्म्याच्याही खाली. तुमच्या मेलपेक्षा वेगळं काय झालं त्यात?

उलटसुलट:
हिशेबी, आकडेवारी उतरवली. शिल्लक किमान रकमेच्या वर आहे, सुटले.

रेघोट्या, काय विचारतात ते डोळे झाकून सांगू शकते. 'किती टाके घातले?' मोज्याचा व्हिडिओ टाकला की खाली हीच रांग. मी उत्तर देते: ६४, त्यातले ३२ टाचेला. मग पुढचा विचारतो, माझा पाय बारीक आहे. त्याला ५६ सांगते. कोणाचा रुंद असतो, त्याला ७२. मग टाच वळवताना मधले किती ठेवायचे, तेही प्रत्येक मापाला वेगळं. त्यातच एक-दोघं जाड लोकर घेऊन बसलेले असतात, त्यांचं सगळंच गणित निराळं. रात्री झोपायच्या आधी हेच करत असते मी.

पण हे सगळं कमेंटमध्ये आहेच की फुकट. ते पैसे देऊन कोण घेईल?

रेघोट्या:
जो आता कमेंटमध्ये तासभर शोधतोय तो घेईल.

तुमचं उत्तर शंभर कमेंटींच्या खाली गाडलं गेलंय. व्हिडिओत एक माप आहे, आणि बघणाऱ्याच्या पायाचं माप दुसरंच आहे. तीन मापांचे तीन रकाने, टाचेचा तक्ता, लोकर किती मीटर लागेल, सुई किती मिलिमीटरची, दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले पाहिजेत, एवढं दोन-तीन पानांत नीट मांडलं की झाला पॅटर्न. मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही, तरी तुमचं वरचं उत्तर वाचून मला तक्ता दिसायला लागला. विकायच्या आधी प्रत्येक माप दुसऱ्या कोणाकडून तरी विणून घ्या, तुम्ही स्वतः नको. तुमचे हात न लिहिलेलं आपोआप भरून काढतील. शेजारणीचे नाही काढणार.

कुठे विकायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. रॅव्हलरी तर २००७ पासून विणणाऱ्यांचाच अड्डा आहे, तिथे पीडीएफ पॅटर्न विकता येतात. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारात गर्दी मोठी, पण एप्रिल २०२२ पासून विक्रीवर ६.५ टक्के कापतात, आधी ५ होते, आणि वस्तू मांडायचं शुल्क वेगळं. दोन्हीकडे ठेवलं तरी हरकत नाही.

पण माझ्या मते पॅटर्नपेक्षाही आधी ईमेलची यादी सुरू करा. प्लॅटफॉर्म तुम्हाला फॉलोअरचा पत्ता कधीच देत नाही. उद्या त्यांनी तुमचे व्हिडिओ दाखवणं कमी केलं तर 'पॅटर्न आलाय' हे सांगायचं कोणाला? टाचेचा ६४ टाक्यांचा तक्ता फुकट द्या, ईमेलच्या बदल्यात. बाकीची मापं विकत. ज्या सेवेतून यादी कधीही फाईल म्हणून बाहेर काढता येते तीच घ्या. सबस्टॅक ते देतं, सशुल्क वर्गणी ठेवली तरच १० टक्के घेतं, फुकट पत्रांना काही नाही. यादीतून नाव काढून घ्यायची लिंक प्रत्येक मेलमध्ये दिसली पाहिजे, नाहीतर लोक सरळ स्पॅममध्ये टाकतात.

मूळ फाईली सांभाळता ना? ॲपमधून उतरवलेल्या नव्हे, कॅमेऱ्यातल्या. इन्स्टाग्रामने २०२१ मध्येच सांगितलं होतं की दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेले रील्स ते नव्या लोकांना सुचवणार नाहीत. आणि मागे वाजणारी ती गाणी. प्लॅटफॉर्मच्या संग्रहातल्या गाण्याची परवानगी साधारणपणे त्या प्लॅटफॉर्मपुरतीच असते. उद्या हेच व्हिडिओ जोडून टाचेचा कोर्स विकायचा म्हटलं तर ते संगीत चालणार नाही. आतापासून तुमचा आवाज एका ट्रॅकवर आणि संगीत वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. गाण्याशिवायचा व्हिडिओ पुन्हा विकता येतो, गाणं चिकटलेला नाही.

आगाऊ:
स्पॉन्सरचं माझं म्हणणं अजून कायम आहे हां. यादी, तक्ते, पॅटर्न या सगळ्यातून पैसे यायला वेळ लागणार. मधल्या काळात दिवे कोण लावणार?

रेघोट्या:
मान्य. मधल्या काळासाठी स्पॉन्सर घ्यायला माझी ना नाही. करार करताना एवढंच बघा की तो व्हिडिओ ते स्वतःच्या जाहिरातीत किती काळ वापरणार. 'कायमस्वरूपी' असा शब्द दिसला तर त्याचे वेगळे पैसे लावा. आणि काही काळ दुसऱ्या कुठल्या लोकरीचं नाव घ्यायचं नाही असं कलम असेल तर तेवढ्या काळाचेही. मी ते कलम काढून टाकायला सांगतो, बहुतेक वेळा निमूट काढतात.

उलटसुलट:
५६ चा तक्ता लिहायला घेतलाय. लिहिताना कळतंय की टाच वळवायची पद्धत मी तोंडाने कधी पूर्ण सांगितलेलीच नाही, व्हिडिओत 'आणि मग असं' म्हणून मोकळी होते. दोन शंका राहिल्या. पॅटर्न काढला की जुने फुकट व्हिडिओ काढून टाकू का? आणि एकीने विकत घेऊन ती पीडीएफ दहा जणींच्या ग्रुपवर टाकली तर?

रेघोट्या:
व्हिडिओ अजिबात काढू नका. त्यातूनच माणसं येतात. फक्त प्रत्येक जुन्या व्हिडिओच्या कमेंटमध्ये सगळ्यात वर स्वतःची एक कमेंट अडकवून ठेवा: तीनही मापांचे टाके इथे, आणि लिंक. 'किती टाके' विचारणाऱ्याला आकडा द्याच, सोबत लिंकही. पैसे मागतोय असं वाटतसुद्धा नाही, कारण त्यानेच विचारलेलं असतं.

पीडीएफ ग्रुपवर फिरणार, त्याला इलाज नाही. कुलूप लावायच्या भानगडीत पडू नका, ज्याने पैसे मोजलेत त्यालाच त्याचा त्रास होतो. मी प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात माझ्या यादीचा पत्ता आणि आवृत्तीची तारीख छापतो. चूक सापडली, सुधारणा केली की नवी आवृत्ती विकत घेणाऱ्यांना आपोआप जाते. ग्रुपवर फिरणारी जुनीच राहते. तुमच्या तक्त्यात तर एक आकडा चुकला तरी मोजा बिघडू शकतो, म्हणजे सुधारित आवृत्तीला तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त भाव.